रिकन्स्ट्रक्शननंतरचं इन्फेक्शन: एक्स्पांडर, ड्रेन आणि माझ्याच त्वचेवरचा जंतू

मॅस्टेक्टॉमीनंतर, म्हणजे स्तन काढल्यावर, रिकन्स्ट्रक्शन (तो पुन्हा बनवणं) करून घेतलंय आणि आता छाती लाल दिसतेय, गरम लागतेय म्हणून रात्री मोबाईल घेऊन शोधत बसलेल्या बायकांसाठी हे लिहितेय, कारण मीही तशीच बसले होते आणि मला जे सापडत होतं ते एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं किंवा मग नुसतं "काळजी घ्या, स्वच्छता राखा" असलं. मी डॉक्टर नाही. पण इन्फेक्शन झालं तेव्हा सर्जन, सिस्टर, लॅबवाले, जो समोर येईल त्याला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं आणि त्यातून जे डोक्यात शिरलं ते असं आहे.

माझं कॅन्सरचं ऑपरेशन आणि रिकन्स्ट्रक्शनची पहिली पायरी एकाच वेळी झाली. म्हणजे स्तन काढला आणि त्याच जागी टिश्यू एक्स्पांडर बसवला. एक्स्पांडर म्हणजे सिलिकॉनची जवळजवळ रिकामी पिशवी, तिला एक पोर्ट असतो, जखम भरली की त्या पोर्टमधून सुईने दर एक-दोन आठवड्यांनी थोडं थोडं सलाईन भरत जातात, त्वचा ताणत जाते आणि पुरेशी जागा झाली की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ती पिशवी काढून कायमचं इम्प्लांट टाकतात. खालच्या बाजूने आधाराला पेशी काढून टाकलेल्या कातडीचा एक पातळ तुकडा शिवला होता, डॉक्टर त्याला नुसतं मॅट्रिक्स म्हणायचे. आणि बाहेर लोंबणारे ड्रेन, म्हणजे आत साठणारं पाणी बाहेरच्या बल्बमध्ये ओढून घेणाऱ्या नळ्या. ऑपरेशन झाल्यावर मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला असेल तर ड्रेनचा, दुखण्यापेक्षाही.

ड्रेनचं गणित असं की रोज बल्बमध्ये किती पाणी जमलं ते मोजून लिहायचं आणि २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं, तेही लागोपाठ दोन दिवस, की काढायचा. मी रोज वहीत आकडा लिहायचे आणि तो काही खाली यायचा नाही. आता यात गोची काय आहे ते मला नंतर कळलं. ड्रेन लवकर काढला तर आत पाणी साठतं, ज्याला सेरोमा म्हणतात, आणि ते साठलेलं कोमट पाणी म्हणजे जंतूंना आयती सोय. आणि ड्रेन जास्त दिवस ठेवला तर तीच नळी त्वचेवरच्या जंतूंना आत जायचा रस्ता. दोन्हीकडून अडचण. त्यामुळे कोणी छातीठोकपणे सांगत असेल की ड्रेन अमुकच दिवशी काढायचा तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका, हा प्रत्येक पेशंटमागे करायचा अंदाज आहे.

शिवाय टाक्यांच्या एका टोकाला त्वचेचा छोटा भाग काळपट पडला होता. मॅस्टेक्टॉमीत त्वचेखालचं सगळं काढून घेतलेलं असतं, उरलेल्या पातळ त्वचेला रक्त कमी मिळतं, त्यामुळे कडेचा भाग कधी कधी मरतो. डॉक्टर म्हणाले बघत राहू. मला डायबेटिस नाही, सिगरेट नाही, वजनही फार नाही, म्हणजे ज्या गोष्टींनी इन्फेक्शनचा धोका वाढतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं त्यातलं काहीच नाही, आधी रेडिएशनही झालेलं नव्हतं. तरी झालं.

ड्रेन निघाले, आता सुटले असं वाटलं, आणि थोड्याच दिवसांत छातीचा खालचा अर्धा भाग गुलाबी दिसायला लागला. ताप नाही, दुखत नाही. दाखवायला गेले तर सर्जननी मला आडवं झोपवलं आणि थोडा वेळ थांबून पाहिलं. मला कळेना काय बघतायत. तर तो मॅट्रिक्सचा तुकडा लावलेल्या काही बायकांना अशी लाली येते जी इन्फेक्शन नसतेच, तिला रेड ब्रेस्ट असंच म्हणतात, ती बरोब्बर त्या तुकड्याच्या वर असते, ताप नसतो, आणि आडवं झालं की बऱ्याचदा फिकी होते. ती आपोआप जाते. माझी लाली आडवं झाल्यावर किंचित कमी झाली, पूर्ण नाही. मग सिस्टरनी मार्कर पेनने लालीच्या कडेने रेघ मारली आणि सांगितलं की रेघेच्या बाहेर गेली, ताप आला किंवा दुखायला लागलं तर रात्री-अपरात्री केव्हाही या. तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही दिल्या. ही पेनाची रेघ मला फार आवडली, साधी गोष्ट आहे पण "वाढलंय की मलाच वाटतंय" हा घोळ संपतो.

लाली रेघ ओलांडून गेली. थंडी वाजून ताप आला, छाती टणक आणि गरम, आणि मी ॲडमिट.

आता इथून खरा जंतूंचा भाग सुरू होतो. सोनोग्राफीत एक्स्पांडरभोवती पाणी दिसलं. ते सुईने काढलं, सोनोग्राफीत बघत बघत, कारण सुई एक्स्पांडरला लागली तर तोच फुटायचा. पाणी गढूळ होतं. ते लॅबला गेलं आणि लगेच दोन अँटिबायोटिक शिरेतून सुरू झाली, व्हॅन्कोमायसिन आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, ज्याला तिथे सगळे पिप-टॅझ म्हणतात. मी विचारलं दोन कशाला? तर रेसिडेंट डॉक्टरांनी छान समजावलं, म्हणाल्या कोणता जंतू आहे हे अजून माहीत नाही, पण बहुतेक वेळा दोन टोळ्यांपैकी एक असते. एक टोळी ग्रॅम पॉझिटिव्हवाल्यांची, म्हणजे मुख्यतः स्टॅफिलोकोकस, त्यात ऑरियस हा तापट, पू करणारा, कधी नेहमीच्या औषधांना न जुमानणारा, ज्याला एमआरएसए म्हणतात, आणि दुसरा एपिडर्मिडिस हा शांत, सगळ्यांच्या कातडीवर राहणारा. त्यांच्यासाठी व्हॅन्को. दुसरी टोळी ग्रॅम निगेटिव्हवाल्यांची, स्यूडोमोनास, क्लेबसिएला, ई. कोलाय, सेराशिया वगैरे, त्यांच्यावर व्हॅन्कोचा काही उपयोग नाही, म्हणून पिप-टॅझ. रिपोर्ट आला की जे नको ते बंद करायचं.

व्हॅन्कोबद्दल एक सांगून ठेवते, ते सावकाश द्यावं लागतं, तासभर तरी. एकदा ड्रिप जोरात गेली तर माझा चेहरा, मान लालबुंद आणि अशी खाज की विचारू नका. मी म्हटलं झालं, आता ॲलर्जी. पण ती ॲलर्जी नव्हती, स्पीडमुळे होणारी रिअ‍ॅक्शन होती, ड्रिप थांबवली, मग हळू केली, आणि जमलं. किडनीसाठी रक्ताच्या तपासण्या मात्र चालू असतात.

ग्रॅम स्टेनचा, म्हणजे पाणी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्याचा, रिपोर्ट त्याच दिवशी आला. पू पेशी भरपूर, जंतू दिसले नाहीत. ४८ तासांनी कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची टेस्ट: वाढ नाही. माझ्या नवऱ्याला वाटलं चला, इन्फेक्शन नाही, सुटलो. सर्जनच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसला नाही. कारण पाणी काढायच्या आधी माझ्या पोटात गोळ्या गेलेल्या होत्या, त्यामुळे पाण्यात तरंगणारे जंतू लॅबमध्ये वाढले नसावेत असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता, वाढ नाही म्हणजे ते आत मेलेत असा अर्थ होत नाही. शिवाय काही जंतू वाढतातच हळू. कातडीच्या ग्रंथींमध्ये राहणारा क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणून एक आहे, तो ऑक्सिजनशिवाय वाढवावा लागतो आणि लॅबला १० ते १४ दिवस प्लेट ठेवावी लागते. दोन दिवसांत फेकून दिली तर दिसणारच नाही. म्हणून मला वाटतं की पाणी काढणं शक्य असेल आणि पेशंट फार अस्थिर नसेल तर आधी सॅम्पल आणि मग गोळी, हा क्रम कुठेही धरायला हवा. माझ्या बाबतीत लाली सौम्य होती, काढण्याइतकं पाणीही नव्हतं तेव्हा, त्यामुळे कुणाला दोष देत नाहीये.

औषधांनी ताप गेला. लाली फिकी झाली, सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) खाली आला, गोळ्यांवर घरी सोडलं. सगळे म्हणाले एक्स्पांडर वाचला! गोळ्या संपल्या आणि पुन्हा तेच. या वेळी ताप कमी, पण टाक्याच्या त्या काळ्या पडलेल्या टोकातून पाणी झिरपायला लागलं.

मी चिडले होते, म्हटलं औषध लागू पडत नव्हतं तर आधी बरं कसं वाटलं? त्यावर सर्जननी जे सांगितलं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोकळे फिरणारे जंतू औषधाने मेले होते, म्हणून ताप गेला. पण जे एक्स्पांडरच्या पृष्ठभागाला चिकटले होते ते बायोफिल्म करून बसले होते. जंतू प्लास्टिकला, सिलिकॉनला चिकटतात, थरावर थर होतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, त्या आवरणात ते इतके सुस्त होऊन पडतात की वाढणाऱ्या जंतूंना मारणारं औषध त्यांना काही करत नाही, मोकळ्या जंतूला लागणाऱ्या डोसच्या शेकडो पट दिलं तरी पुरत नाही. पांढऱ्या पेशीही तिथे जाऊन थकतात, एवढी मोठी वस्तू त्यांना गिळता येत नाही. आणि एक्स्पांडरला रक्तवाहिन्या नाहीत, औषध तर रक्तातून जातं, मग पिशवीच्या पृष्ठभागावर ते पोचणार किती? वरची त्वचाही कमी रक्ताची. औषध थांबलं की त्या थरातून पुन्हा जंतू सुटतात आणि पुन्हा लाली.

मी विचारलं मग जंतू किती जबरदस्त असला पाहिजे. तर म्हणाले उलट, बहुतेक वेळा अगदी साधा असतो. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले होते (कसले धाडसी लोक!), नुसते टोचले तर पू व्हायला दशलक्षाच्या पुढे जंतू लागले, आणि तिथे रेशमी टाक्याचा दोरा ठेवला तर काही शे पुरले. फक्त एका दोऱ्याने एवढा फरक. माझ्या छातीत तर अख्खी पिशवी.

शेवटी एक्स्पांडर काढायचा ठरला. काही ठिकाणी काढून, आतली जागा खूप धुऊन, लगेच नवीन बसवायचा प्रयत्न करतात, आणि जंतू सौम्य असेल, त्वचा चांगली असेल तर ते जमतंही. माझ्या बाबतीत केमो पुढे उभी होती, आणि शरीरात इन्फेक्शन असताना केमो म्हणजे पांढऱ्या पेशी पाडायच्या आणि जंतूंना रान मोकळं करून द्यायचं. ऑन्कॉलॉजिस्ट स्पष्ट म्हणाल्या, स्तन नंतर बनवता येईल, केमो लांबवता येणार नाही. मला रडू आलं, पण पटलं. छाती सपाट करून बाहेर आले.

ऑपरेशनच्या वेळी त्यांनी एकच स्वॅब न घेता वेगवेगळ्या जागचे टिश्यूचे तुकडे घेतले, प्रत्येक वेगळ्या डबीत. सांध्यांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर असं करतात म्हणे. त्याचा फायदा झाला, कारण निघाला तो जंतू होता स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, मेथिसिलिन रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. हा एखाद्या स्वॅबमध्ये आला तर लॅबवाले सरळ लिहितात की कातडीवरून आलेला असावा, दुर्लक्ष करा, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण वेगवेगळ्या तुकड्यांत तोच जंतू, औषधांना तसाच प्रतिसाद देणारा, निघाला की मग तोच गुन्हेगार. एकच स्वॅब पाठवला असता तर माझ्या फाईलवर बहुधा "कारण सापडलं नाही" असं लिहिलेलं राहिलं असतं. पहिल्या दिलेल्या गोळ्या या जंतूवर चालणाऱ्या नव्हत्याच हेही तेव्हा कळलं.

आणि हा जंतू आला कुठून? आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांनी आपापले निष्कर्ष काढून ठेवले होते, ओटी (ऑपरेशन थिएटर) घाण असणार, तू ड्रेनला हात लावला असशील, लवकर अंघोळ केलीस, भेटायला फार माणसं आली. खरं म्हणजे तो माझ्याच कातडीवरचा. स्तनाच्या नळ्या आतून जंतुविरहित नसतात, निपलमधून आत जाणाऱ्या नळ्यांमध्ये हे असले जंतू आधीपासून असतात, ऑपरेशनमध्ये त्या नळ्या कापल्या जातात. कातडी कितीही पुसली तरी केसांच्या मुळाशी, ग्रंथीत थोडे उरतात. त्यामुळे ज्या कुणाला घरचे ऐकवतायत की तुझ्याच निष्काळजीपणामुळे झालं, त्यांनी हा परिच्छेद वाचून दाखवा.

अर्थात प्रत्येक वेळी स्वतःचाच जंतू असतो असं नाही. माझ्या शेजारच्या बेडवर एक ताई होत्या, त्यांची जखम कितीतरी आठवडे झिरपत होती, ताप नाही, फार दुखणं नाही, प्रत्येक नेहमीचं कल्चर निगेटिव्ह, अँटिबायोटिक बदलून बदलून झालेली. शेवटी कुणीतरी टीबीच्या जातीच्या जंतूंसाठीची वेगळी टेस्ट लावली आणि मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम निघाला. रिपोर्टवर मायकोबॅक्टेरियम वाचून त्या हादरल्याच, टीबी झाला म्हणून. पण हा टीबी नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही, हा माती-पाण्यात, नळाच्या पाण्यातही राहणारा जंतू, पाइपच्या आत बायोफिल्म करून आरामात जगतो. नेहमीची टीबीची औषधं याच्यावर फारशी चालत नाहीत, वेगळी दोन-तीन औषधं मिळून काही महिने घ्यावी लागतात आणि इम्प्लांट बहुतेक वेळा काढावंच लागतं. ओल्या जखमेला नळाचं पाणी लावू नका असं जे सांगतात ते उगाच नाही. मुद्दा असा की ही टेस्ट मुद्दाम मागावी लागते, साध्या कल्चरमध्ये हा सहसा हाती लागत नाही. कल्चर निगेटिव्ह आणि जखम भरत नाही हे दोन्ही एकत्र असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, मायकोबॅक्टेरियासाठी पाठवलंय का.

केमो झाली. रेडिएशनची गरज पडली नाही, त्यामुळे पुन्हा एक्स्पांडरचा पर्याय शिल्लक होता, दुसरा पर्याय पोटाच्या चरबी-कातडीचा फ्लॅप, म्हणजे तो भाग छातीवर लावून स्तन बनवायचा. फ्लॅपलाही इन्फेक्शन होतं, पण त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात, औषध तिथे पोचतं, त्यामुळे निव्वळ इन्फेक्शनपायी अख्खा फ्लॅप जाणं क्वचित. पण ऑपरेशन मोठं, तासन्‌तास चालणारं, पोटावर आणखी एक जखम. माझी तयारी नव्हती. इन्फेक्शन पूर्ण शमून, केमोनंतर रक्ताचे आकडे जागेवर आल्यावर, त्वचा मऊ झाल्यावर पुन्हा एक्स्पांडर घातला.

या वेळी काय काय बदललं ते मी लक्ष ठेवून पाहिलं. आधी नाकातला स्वॅब, कारण साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात स्टॅफ ऑरियस मुक्कामाला असतो. असला तर नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंघोळ, पाच दिवस. माझ्या नाकात नव्हता तरी अंघोळ करायला लावली. ओटीत नेहमीच्या सेफाझोलिन या अँटिबायोटिकबरोबर व्हॅन्कोही दिलं, जुन्या रिपोर्टमुळे. म्हणून म्हणते, कल्चर-सेन्सिटिव्हिटीच्या (कोणता जंतू, त्याच्यावर कोणतं औषध चालतं) रिपोर्टची कॉपी स्वतःजवळ ठेवा, डिस्चार्ज कार्डवर नुसतं "इन्फेक्शन" लिहिलेलं असतं त्याचा पुढच्या सर्जनला काडीचा उपयोग नाही. एक्स्पांडर हातात घ्यायच्या आधी सर्जननी ग्लोव्हज बदलले, आतली जागा पोविडोन-आयोडीनने धुतली, ड्रेनची नळी त्वचेखालून लांबून फिरवून बाहेर काढली.

एका गोष्टीवर मात्र डॉक्टरांतच एकमत दिसलं नाही. ऑपरेशननंतर ड्रेन असेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवायचं का? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१७ च्या गाईडलाईन्स म्हणतात की असल्या स्वच्छ ऑपरेशनमध्ये टाके घालून झाल्यावर पुढे देऊ नका, ड्रेन असला तरीही. आणि बरेच प्लास्टिक सर्जन तरी देतात, कारण इम्प्लांट गेलं तर पेशंटला पुन्हा सगळं सोसावं लागतं. माझ्या सर्जननी फक्त २४ तास दिलं. मला भीती वाटत होती, आणखी द्या म्हणून मागे लागले होते, पण त्यांचं म्हणणं की उगाच दिलेल्या गोळ्यांनी साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे मागे राहतात. मागच्या वेळी मला काय भेटलं होतं ते आठवून मी गप्प बसले.

या वेळी ड्रेन लवकर निघाले, टाके स्वच्छ भरले. पोर्ट शोधायला सिस्टर छोटं चुंबक फिरवायच्या, तेवढी जागा नीट पुसून सलाईन भरायच्या. पुढे एक्स्पांडर काढून कायमचं इम्प्लांटही बसलं. लाली नाही, ताप नाही.

आता अलीकडे त्या बाजूला किंचित कडकपणा जाणवतोय. इम्प्लांटभोवती शरीर एक पडदा बनवतंच, तो आवळत गेला की छाती टणक होते, आणि यामागेही अनेकदा तोच एपिडर्मिडिस असावा असा संशय घेतला जातो, पू नाही, ताप नाही, नुसता पातळ बायोफिल्म आणि त्याने वर्षानुवर्षं चालू राहिलेली सूज. इतर कारणंही असू शकतात, सगळ्यांच्या बाबतीत जंतूच सापडतो असं नाही. सर्जननी हाताने तपासून बेकर दोन (हा कडकपणा एक ते चार असा मोजतात) सांगितलंय, म्हणजे हाताला थोडं घट्ट लागतं पण दिसायला ठीक. तीन-चारवर गेलं, आकार बिघडला किंवा दुखायला लागलं, तर पडदा आणि इम्प्लांट दोन्ही काढायचं, पुन्हा तुकडे वेगवेगळ्या डब्यांत पाठवायचे, आणि या वेळी पोटाचा फ्लॅप करायचा असं ठरलंय. तोपर्यंत दर काही महिन्यांनी दाखवायला जायचं.